अभंगाच्या बैठकीसाठी घडवून घेतलेली बेस गिटार : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका बेस गिटारवादकाचे आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांना येथे केवळ ‘वादक’ म्हटले आहे आणि ज्यांनी वाद्य घडवले त्यांना ‘कारागीर’. मी स्वतः तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि जुळणी करतो, आणि या कामात पहिल्या दिवसापासून सल्लागार म्हणून होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतली एक ठळक चूक माझी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

वादकाचे वय बेचाळीस. दिवसा नोकरी, आणि गेली वीस वर्षे संध्याकाळी वाद्यवृंद, भावगीतांचे कार्यक्रम, अधूनमधून नाटकाचे पार्श्वसंगीत. हातात चार तारांची, फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेली, ३४ इंच स्केलची (तारेची वाजती लांबी) एक जुनी बेस. मागच्या पाच-सहा वर्षांत त्यांच्याकडे अभंगांचे कार्यक्रम वाढत गेले, आणि वीस वर्षे निमूटपणे साथ देणारे ते वाद्य तिथे तीन ठिकाणी कमी पडू लागले.

पहिली अडचण स्वराची होती. चार तारांच्या बेसवरची सर्वांत खालची तार म्हणजे ई, सुमारे ४१ हर्ट्झ. पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात. काळी एकचा तळाचा षड्ज सुमारे ३४.६ हर्ट्झवर येतो, म्हणजे तो त्या वाद्यावर नाहीच. वादकाला एक सप्तक वरचा षड्ज धरून बसावे लागे, आणि तो स्वर पखवाजाच्या धुमेत, म्हणजे डाव्या तोंडाच्या खर्ज आवाजात, जाऊन मिसळे. ध्वनिव्यवस्था सांभाळणारा मुलगा दर कार्यक्रमाला या दोघांपैकी एकाला खाली ओढत असे. पाचवी तार असली, की ती ३०.९ हर्ट्झच्या बीपर्यंत उतरते आणि हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी अडचण बैठकीची. अभंगाच्या कार्यक्रमात साथीदार गादीवर मांडी घालून बसतात. बेस गिटार हे मुळात पट्टा खांद्याला लावून उभ्याने वाजवायचे वाद्य. लांबी सुमारे ११७ सेंटिमीटर, आणि या वाद्याचे वजन ४.४ किलो. मांडीवर घेतले, की हात सोडताच नेक, म्हणजे वाद्याचा दांडा, खाली झुके आणि त्याचा खुंट्यांचा शेंडा डावीकडच्या पेटीवाल्याच्या कोपराला लागे. पेटीवाले समजूतदार होते, पण प्रत्येक मध्यंतरात त्यांचे एखादे वाक्य ऐकावे लागे.

तिसरी अडचण वादकाने स्वतःच्या शब्दांत अशी मांडली : “बुवा मींड घेऊन खाली येतात, आणि मी मागून जिना उतरतो.” फ्रेट म्हणजे पायऱ्याच. लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या बेसचे नावच ‘प्रिसिजन’ होते, कारण उभ्या डबल बेसवर कानाने शोधावा लागणारा स्वर फ्रेटमुळे अचूक सापडू लागला. वादकाला ती अचूकता काढून टाकून घसीट परत हवी होती, म्हणजे फ्रेटलेस बेस हवी होती. आणि त्यावर आणखी एक गोष्ट हवी होती, जिच्याभोवती हे सगळे प्रकरण पुढे फिरले : “तंबोऱ्यासारखी थोडी जवारी.”

समस्या : जवारी म्हणजे किती मिलिमीटर?

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो, पण त्याला अगदी थोडी गोलाई असते. तार तिथून सुटताना पृष्ठभागाला घासत सुटते आणि त्या घासण्यातून वरचे स्वरांश उमलतात. तारेखाली सरकवलेला दोरा हा घास नेमका पकडण्यासाठी असतो. फ्रेटलेस बेसवर घोडी तशी नसते, पण तत्त्व जवळचे आहे. बोटाने तार लाकडी फिंगरबोर्डवर दाबली, की बोटाच्या पुढची तार फळीला जवळजवळ समांतर आणि अगदी थोड्या उंचीवर कंप पावते आणि फळीला चाटून जाते. त्यातून तो किंचित गुणगुणणारा, फुलत जाणारा आवाज निघतो. फळी आणि तार यांच्यातले अंतर वाढले, तर आवाज स्वच्छ पण कोरा होतो. कमी झाले, तर तार आपटते आणि स्वर गुदमरतो.

हे अंतर मुख्यतः नेकच्या बाकावर ठरते. पहिल्या स्थानावर आणि फळीच्या शेवटी तार दाबून धरली, तर मधोमध, म्हणजे आठव्या स्थानाच्या आसपास, तार आणि फळी यांत जी फट दिसते तिला आम्ही बाक म्हणतो आणि फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजतो. फ्रेट असलेल्या बेसवर ०.३ ते ०.४ मि.मी. बाक चांगला चालतो. वादकाला हवी होती ती जवारी माझ्या टेबलावर प्रयोग करून पाहिली, तेव्हा ती ०.१ ते ०.१५ मि.मी.मध्ये मिळाली आणि ०.२५च्या पुढे हरवली. म्हणजे वादकाचा सगळा आनंद वहीच्या एका पानाच्या जाडीइतक्या जागेत राहत होता.

आता दुसरी बाजू. गिटार घडवणाऱ्या माणसाच्या कानाला तारेची घरघर म्हणजे दोष. ती काढणे हेच त्याचे कसब. आमचे कारागीर दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातले, हात अतिशय स्वच्छ, पण तंबोऱ्याशी त्यांचा संबंध नव्हता. बोलणे हिंदी-इंग्रजीत चाले. वादकाने त्यांना तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण पाठवले आणि तिकडून “समझ गया, सर” असे उत्तर आले. दोघांचीही त्यात खरीखुरी समजूत होती, पण ती एकच समजूत नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय मीच सुचवला होता : जुन्या बेसचे फ्रेट काढून खाचा भरून घ्यायच्या आणि चार तारा ई-ए-डी-जी ऐवजी बी-ई-ए-डी अशा चढवायच्या. नटच्या, म्हणजे शेंड्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा रुंद कराव्या लागतात, बाकी फारसे काम नाही, खर्च दहा हजारांच्या आत. स्वराची आणि मींडेची अडचण यातून सुटली असती. बैठकीची सुटली नसती, आणि वरची ‘जी’ स्वराची तार गेली असती. नाटकाच्या कामात वादकाला ती लागते. शिवाय वीस वर्षांच्या सोबतीवर चिमटा चालवायला त्यांचे मन होईना, आणि ते मला समजले.

तयार परदेशी वाद्य घेणे हा दुसरा पर्याय. पाच तारांची फ्रेटलेस बेस आपल्याकडच्या दुकानात क्वचितच टांगलेली दिसते, मागवावीच लागते, आणि हाताळल्याशिवाय मागवावी लागते. वादकाचा पुतण्या न्यू जर्सीला असतो. तो येताना वापरलेले वाद्य आणू शकला असता, पण विमानातल्या सामानात पाच फुटी पेटी घालण्याला त्याने फोनवरच हात जोडले.

तिसरा पर्याय मोजमापाप्रमाणे घडवून घेण्याचा. किंमत ठरली १,४८,००० रुपये, मुदत पाच महिने. वादकाने हा पर्याय घेतला त्यामागे एक कारण असे होते जे कागदावर आले नाही : गावाकडचा त्यांचा वाडा पाडला तेव्हा सागवानाची एक तुळई त्यांनी राखून ठेवली होती, आणि तिचे काहीतरी व्हावे अशी त्यांच्या आईची इच्छा होती.

घेतलेले निर्णय

काही निर्णय चांगले झाले, ते आधी सांगतो.

स्केल ३४ इंचच ठेवली. खालच्या बी तारेला ताण चांगला मिळावा म्हणून कारागिरांनी ३५ इंच सुचवली होती आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण फ्रेटलेसवर स्वर हाताच्या सवयीने सापडतो. ३४ इंचांवर पहिला अर्धस्वर नटपासून ४८.५ मि.मी.वर येतो, ३५ इंचांवर ४९.९ मि.मी.वर. हा दीड मिलिमीटर प्रत्येक पायरीला थोडाथोडा साचत जातो, आणि वीस वर्षांचा हात नव्याने शिकवायला वादकाकडे वेळ नव्हता. बाजूला खुणेचे ठिपके आणि फळीवर फ्रेटच्या जागी फिक्या लाकडाच्या बारीक रेषा घ्यायच्या, हेही याच विचाराने ठरले.

शेंडा नसलेली, म्हणजे तारा ब्रिजच्या (अंगावरच्या घोडीच्या) बाजूने पिळायच्या अशी रचना निवडली. त्यामुळे एकूण लांबी ९८ सेंटिमीटरवर आली आणि पेटीवाल्यांचा कोपर वाचला.

आणि सर्वांत उपयोगी ठरलेला खर्च सहाशे रुपयांचा होता. कारागिरांनी पाठवलेली पूर्ण आकाराची आकृती मी १२ मि.मी. प्लायवूडवर चिकटवून ओळखीच्या सुताराकडून कापून घेतली, नेकच्या जागी एक पट्टी ठोकली, आणि वादक ती घेऊन तालमीला मांडी घालून बसले. दहा मिनिटांत कळले, की खालचे शिंग बरोबर मांडीच्या सांध्यात रुतते आणि कमरेचा खळगा दोन बोटे पुढे आहे. त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिलीने नवी रेघ ओढली, मी फोटो काढून पाठवला, आणि आकृती दुरुस्त झाली. खरे वाद्य हाती आल्यावर हे कळले असते, तर उपाय नव्हता.

आता लाकूड. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरते. संपूर्ण अंग त्याचेच केले, तर वजन साडेचार किलोंपुढे गेले असते. म्हणून अंगाचा गाभा तुनीचा घ्यायचे ठरले. आपल्याकडे सतारी-तंबोऱ्यांना वापरतात तेच हे लाकूड. सागवानाच्या सुमारे पाऊणपट वजनाचे. आत दोन पोकळ कप्पे, आणि वर तुळईतून काढलेली आठ मिलिमीटरची सागवानी फळी. सागवानाच्या अंगी तेल असते, त्यामुळे चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो. कारागिरांना ते ठाऊक होते. नेक पाच पट्ट्यांचे, मेपल आणि शिसव आलटून पालटून, आणि ते अंगाला चार बोल्टने जोडायचे. पुढे कधी नेक बदलावे लागले, तर वाद्य मोडीत निघू नये म्हणून बोल्टचा आग्रह मी धरला होता.

यानंतरचे तीन निर्णय वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांनी घेतले.

ऑक्टोबरमध्ये फिंगरबोर्ड शिसवीचा ठरला. वादकाला गोल वळणाच्या, खरखरीत तारा हव्या होत्या, कारण सपाट वळणाच्या गुळगुळीत तारांवर जवारी मंद होते. खरखरीत तारा फ्रेटलेसचे लाकूड कानशीसारखे खातात. म्हणून मी सुचवले, की फळीवर एपॉक्सीचा कडक थर चढवावा. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरिअस यांनी आपल्या फ्रेटलेस बेसच्या फळीवर बोटींना लावायचा एपॉक्सी चढवला होता, हे बेस वाजवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही, आणि वादकाचे डोळे ते ऐकूनच चमकले. निर्णय योग्य होता.

डिसेंबरमध्ये वादकाने कारागिरांना परस्पर कळवले, की नेकच्या पाठीला चकचकीत पॉलिश नको, नुसते तेल द्या. रंगमंचावरच्या दिव्यांखाली तळहाताला घाम येतो आणि वार्निशवर अंगठा चिकटतो; मींड घेताना अंगठा सरकला नाही, तर सगळेच अडते. हाही निर्णय योग्य होता.

जानेवारीत कारागिरांनी विचारले, की नेकच्या आत कार्बन फायबरच्या दोन सळ्या बसवू का. साडेचार हजार जास्त होतील आणि माल यायला तीन आठवडे लागतील. वादकाने मला फोन केला. “दादा, पाच पट्ट्यांचं नेक आहे, वळणार कुठे?” मी त्या वेळी एका सरोदवर कातडे चढवत होतो, म्हटले, फार गरज नाही. पाच उलटसुलट पट्ट्यांचे नेक एरवी खरोखरच स्थिर असते, त्यामुळे हे उत्तर सर्वसाधारण बेससाठी चुकीचे नव्हते.

काम चालू असताना

मार्च उलटला आणि वाद्य तयार नव्हते. तुळईत खोलवर तुटलेला जुना खिळा निघाला, कारागिरांच्या यंत्राचे पाते गेले आणि एक फळीही गेली. जुने वाड्याचे लाकूड देणाऱ्याने ते आधी धातुशोधक फिरवून तपासून द्यावे, हे मला तेव्हा सुचले नाही. शेंडाविरहित ब्रिजचा संचही उशिरा आला आणि आठ हजारांनी महाग पडला.

रक्कम तीन हप्त्यांत ठरली होती : ४० टक्के इसार, ४० टक्के अंग आणि नेक जुळल्यावर, २० टक्के वाद्य पाठवण्याआधी. शेवटचा हप्ता वादकाने फोटो पाहून भरला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते स्वतः रात्रीच्या गाडीने जाऊन वाद्य घेऊन आले. आषाढी एकादशीला तेव्हा अकरा दिवस होते.

वाद्य हाती आल्यावर

पेटी माझ्याच टेबलावर उघडली. काम देखणे होते. सागवानी फळीवर खिळ्याच्या दोन काळ्या खुणा कारागिरांनी मुद्दाम ठेवल्या होत्या आणि त्यावरून वादकाने बोट फिरवले. वजन ३.९ किलो; मागितले होते ३.७, पण मांडीवर ते स्थिर बसत होते. काळी एकचा षड्ज बी तारेवर नटपासून ९४ मि.मी.वर वाजवला आणि टेबलावरचा स्क्रूंचा डबा थरथरला. जवारी मात्र नव्हती. आवाज गोल, स्वच्छ, कोरा. बाक मोजला : ०.४ मि.मी. कारागिरांनी त्यांच्या शाळेप्रमाणे उत्तम जुळणी करून दिली होती.

मी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक कमीजास्त करणारी सळई, आवळून बाक ०.१२वर आणला, ब्रिज थोडा उतरवला, नटच्या खाचा जवळजवळ फळीपर्यंत खोल केल्या. जवारी आली. वादक अर्धा तास एकच उतरती मींड वाजवत बसले होते, आणि मला वाटले, प्रकरण मिटले.

सहा दिवसांनी पाऊस लागला आणि जवारी गेली. बाक ०.३५. पुन्हा आवळले, चार दिवसांनी पुन्हा गेली. आषाढीच्या कार्यक्रमात वादकाने नवे वाद्य वाजवले, पण आवाज कोराच होता. ऑगस्टच्या मध्यावर, दोनदा आवळल्यानंतरही, बाक ०.५५ होता, आणि ट्रस रॉड इतका घट्ट झाला होता की किल्ली आणखी फिरवायला हात धजेना. गणेशोत्सवात त्यांनी जुनी चार तारांची बेस काढली.

कारण शोधायला मला जितका वेळ लागला तितका लागायला नको होता. वाद्य तीन दिवस एसीच्या खोलीत ठेवले, तर बाक ०.२ने उतरला, म्हणजे दोष घडणीत नव्हता, ओलाव्यात होता. मग नेक दिव्याखाली उलटसुलट धरले आणि लक्षात आले. पुढच्या बाजूला एपॉक्सी, म्हणजे दार बंद. पाठीला नुसते तेल, म्हणजे दार उघडे. पावसाळ्यातली ओल एकाच बाजूने आत जात होती. पाठीचे लाकूड फुगून किंचित लांबत होते, पुढचे तसेच राहत होते, आणि नेक तारांच्या दिशेने वाकत होते. दोन्ही बाजू बंद असत्या किंवा दोन्ही उघड्या असत्या, तर हालचाल झाली असती, पण इतकी नाही. कार्बनच्या सळ्या असत्या, तर त्यांनी बराच अटकाव केला असता.

०.४ मि.मी. बाकावर वाजणाऱ्या साध्या बेसवर हा फरक कोणाच्या लक्षातही आला नसता. आमच्या बेसचा सगळा जीव ०.१ आणि ०.२५च्या मध्ये होता. आणि वर्षातल्या ज्या महिन्यांत हवा सर्वांत ओली असते, त्याच महिन्यांत आषाढी आणि गणपती येतात; अभंगाच्या साथीसाठी केलेले वाद्य नेमके कामाच्या हंगामात आजारी पडत होते.

दुरुस्तीचे पर्याय आणि कृती

कारागिरांना मी मोजमापे आणि फोटो पाठवले. त्यांनी टाळाटाळ केली नाही. नेक परत पाठवा, फिंगरबोर्ड उचलून सळ्या बसवून देतो, मजुरी नको, फक्त सामानाचे पैसे, असे ते म्हणाले. पण चिकटवलेला, वरून एपॉक्सी चढवलेला फिंगरबोर्ड वाफेने सोडवताना थर तडकण्याची शक्यता त्यांनीच बोलून दाखवली, आणि दोन महिने लागणार होते. दुसरा पर्याय नवे नेक घडवण्याचा, सुमारे पस्तीस हजारांचा. तिसरा, पाठीचे तेल काढून तिथे पातळ, मऊ चमकेचा पॉलियुरेथेनचा हात द्यायचा आणि दुसरे दार बंद करायचे.

तिसरा पर्याय घ्यावा असे माझे मत होते. पुन्हा घामाचा प्रश्न येईल ही वादकाची शंका रास्त होती. आम्ही मेपलच्या एका तुकड्यावर तोच लेप दिला आणि सुकल्यावर बारीक काचपेपरने त्याची चमक मारली. वादकाने तो तुकडा आठवडाभर खिशात ठेवला आणि दुचाकीवरून उतरल्यावर, घामेजल्या हाताने, अंगठा घासून पाहिला. मग होकार दिला.

खरा वाद वेळेवर झाला. दिवाळी पहाटेचे तीन कार्यक्रम समोर होते आणि वादकाला काम ऑक्टोबरमध्येच हवे होते. फुगलेल्या लाकडावर लेप दिला, तर ओल आत कोंडली जाते आणि पुढे ती सावकाश सुटताना नेक उलट्या दिशेने जाते. मी नकार दिला. त्यांनी आठ दिवस फोन केला नाही. नोव्हेंबर सरता सरता नेक आपोआप मागे आले. इतके, की पावसात आवळून ठेवलेल्या ट्रस रॉडमुळे ते मागच्या बाजूला वाकले आणि तारा फळीवर आपटू लागल्या. रॉड सैल केला, दोन आठवडे मोजमाप स्थिर राहू दिले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेपाचे तीन पातळ हात दिले. एप्रिलच्या कडक कोरड्या हवेतही हे करायचे नव्हते. तेव्हाचे लाकूड हे पावसाळ्यातल्या लाकडाइतकेच एका टोकाला असते.

निष्पत्ती

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बाक ०.२४ भरला. म्हणजे जवारीच्या काठावर. ट्रस रॉड पाव फेरा आवळला, की तो ०.१४वर येतो आणि टिकतो. वर्षातून दोनदा किल्ली लागते : एकदा मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर, एकदा दिवाळीनंतर. वाद्य नियमित कार्यक्रमांत आहे, खांदा दुखत नाही, पेटीवाल्यांची तक्रार नाही.

एक गोष्ट मिळाली नाही. बी तारेला हवी तशी जवारी येत नाही. ती ०.१३० इंच जाडीची तार मोठ्या घेराने हलते, तिला फळीपासून वर ठेवावेच लागते, आणि वर ठेवली, की ती फळीला चाटत नाही. वादकाला जवारी सर्वांत जास्त हवी होती ती तळाच्या षड्जावर. हे मागणीच्या वेळीच सांगता आले असते, कारण यात नवे काही नाही. पण त्या वेळी आम्ही जवारी या शब्दाबद्दल बोलत होतो, कोणत्या तारेवर याबद्दल नाही.

एकूण खर्च १,५६,००० रुपये, त्यावर प्रवास आणि लेपाचे किरकोळ. मुदत पाच महिन्यांऐवजी जवळजवळ नऊ.

वेगळे काय करता आले असते

मागणीपत्र तीन पानांचे होते आणि त्यात लाकूड, रंग, ठिपके, पिकअप यांवर बारीक तपशील होता. जवारीवर एक ओळ होती. तिच्या जागी ‘आठव्या स्थानावर बाक ०.१ ते ०.१५ मि.मी., वर्षभर’ असे लिहिले असते, तर कारागिरांनी ‘वर्षभर’ या शब्दावर थांबून विचारले असते, आणि सळ्यांचा प्रश्न त्यांनी पर्याय म्हणून नव्हे, अट म्हणून मांडला असता. आवाजाचे वर्णन करायला शब्द लागतातच; पण त्यांच्याशेजारी एक आकडा असावा, आणि मोजण्याची जागा.

एपॉक्सी, तेल आणि सळ्या हे तीन निर्णय एका कागदावर एकाखाली एक लिहिले असते, तर त्यांची गाठ कोणाच्याही नजरेस पडली असती. एपॉक्सी मी सुचवला होता. नेकच्या पाठीला काय लावणार, हे विचारणे माझे काम होते, आणि सळ्यांबद्दलचा फोन आला तेव्हा सरोद खाली ठेवणे हेही.

शेवटच्या हप्त्याबद्दल माझे आणि वादकाचे एकमत नाही. माझ्या मते दहा टक्के रक्कम वाद्य हाती आल्यानंतर एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी आणि हे इसार देतानाच ठरवावे. वादक म्हणतात, एकट्याने काम करणाऱ्या माणसाचे पैसे चार महिने अडकवणे बरे नाही, आणि या कारागिरांनी पैसे मिळाल्यावरही शब्द फिरवला नाही. दोन्ही खरे आहे. मी सध्या माझ्या गिऱ्हाइकांना पाच टक्के सांगतो.

तुळईबद्दल तर आमचे कधीच जुळणार नाही. पोकळ अंगावरच्या आठ मिलिमीटर फळीने आवाजात फार मोठी भर पडली, असे मला वाटत नाही. पाते आणि दोन आठवडे मात्र नक्की गेले. वादक यावर वाद घालत नाहीत. त्यांच्या आईने वाद्य पहिल्यांदा पाहिले, तेव्हा खिळ्याच्या त्या दोन खुणांपैकी वरची खूण पाळण्याच्या कडीची असणार, असे त्या म्हणाल्या होत्या, एवढेच ते सांगतात.

वाद्याच्या पेटीच्या कप्प्यात आता ट्रस रॉडची किल्ली, फीलर गेजची दोन पाती आणि एक घडी घातलेला कागद असतो. कागदावर तारखा आणि बाकाची मोजमापे आहेत. या जूनमधली नोंद त्यांनी स्वतः केली आहे : ०.२२, आणि पुढे, पाव फेऱ्यानंतर, ०.१३.